रिपोर्टवर ‘बॉर्डरलाइन’ आलं, आता ताटात काय बदलायचं?

ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट येतो, एचबीए१सीपुढे (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा सरासरी अंदाज) ५.९ किंवा ६.१ दिसतं आणि रात्रीपर्यंत घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उपायांची रांग लागते. भेंडीचं पाणी घे. दालचिनी उकळून पी. जांभळाच्या बियांची पूड आण, दादरला मिळते. अमक्या काकांनी कारल्याचा रस सुरू केला आणि त्यांची गोळी सुटली. पाठवणारे सगळे मायेनेच पाठवतात. पण यातलं काय खरंच लागू पडतं, किती खाल्लं तर पडतं आणि कशाने उलट अपाय होतो, हे कुणी लिहीत नाही.

हा लेख या भानगडीत नव्याने पडलेल्यांसाठी आहे. औषध अजून सुरू झालेलं नाही किंवा नुकतंच झालंय, आणि सकाळची ७:४२ची लोकल सांभाळून डबा भरायचाय, असे लोक डोळ्यांपुढे आहेत. सुरुवातीलाच एक कसोटी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्या आधारानेच लिहिलंय.

कुठल्याही पदार्थातल्या ‘गुणकारी’ घटकाबद्दल ऐकलं की आधी विचारायचं: हा काम करतो कुठे? आतड्यात, की रक्तात शिरल्यावर? मेथीतला चिकट तंतू (फायबर), कडधान्यातला न पचणारा स्टार्च, पाचकरसांचा वेग कमी करणारी काही द्रव्यं ही आतड्यातच काम करतात. त्यांना आणखी कुठे पोचायचंच नसतं. हळदीतल्या कर्क्युमिनसारख्यांना मात्र आतड्याची भिंत ओलांडायची असते, यकृतातून सुटायचं असतं आणि मग पेशीपर्यंत जायचं असतं. या प्रवासात बहुतेकांचा निकाल लागतो. म्हणून मेहनत आधी आतड्यात काम करणाऱ्यांवर घ्यावी आणि बाकीच्यांना चवीसाठी खावं, असं माझं स्पष्ट मत आहे. गंमत म्हणजे ग्रुपवर सगळ्यात जास्त फिरतात ते दुसऱ्या गटातले.

पहिली पायरी: रिपोर्ट वाचा आणि शिंप्याची टेप काढा

एचबीए१सी ५.७च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ आणि पुढे मधुमेह. उपाशीपोटीची साखर १००च्या आत हवी. १०० ते १२५ हा उंबरठा, १२६पासून मधुमेह. एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करतात. आणि एक गोष्ट बायकांनी विशेष लक्षात ठेवावी: लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया असेल तर एचबीए१सी खोटा वाढलेला दिसू शकतो. थॅलेसेमिया मायनर (रक्ताचा आनुवंशिक दोष) असेल तरीही हा आकडा दगा देतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर सोबत बघितल्याशिवाय घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका.

साखर हा पाचातला एक आकडा झाला. बाकीचे चार म्हणजे कंबर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल). आपल्या भागातल्या लोकांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. रक्तदाब १३०/८५ किंवा वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल पुरुषांत ४०च्या आणि बायकांत ५०च्या खाली, उपाशीपोटीची साखर १०० किंवा वर. या पाचपैकी तीन जुळले की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. कंबर मोजताना पँट जिथे बांधता तिथे टेप लावू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा.

‘मी तर बारीक आहे’ हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो आणि मोजमाप छापलं होतं. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) एकसारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा जे लपवतो ते टेप दाखवते. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) देशव्यापी पाहणीत १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटींना त्याचा उंबरठा असा अंदाज आहे, म्हणजे तुम्ही चांगल्याच मोठ्या गर्दीत उभे आहात.

दुसरी पायरी: चिकट भाज्यांशी दोस्ती

मेथीच्या दाण्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग चोथा असतो. त्यातला गॅलॅक्टोमॅनन नावाचा तंतू पाण्यात फुगून बुळबुळीत होतो. हा बुळबुळीतपणाच कामाचा. पोटातून अन्न सावकाश पुढे सरकतं, पाचकरस स्टार्चपर्यंत उशिरा पोचतात, साखर रक्तात हळूहळू उतरते. शिवाय हा तंतू पित्तातली आम्लं स्वतःबरोबर बाहेर घेऊन जातो, मग यकृताला नवं पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं. एका घटकाने साखर आणि एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) दोन्हीकडे थोडं थोडं काम होतं.

मेथीवर सगळ्यात गंभीरपणे काम झालं ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत. तिथे १९९०च्या सुमारास रुग्णांना तेल काढलेली मेथीपूड दिवसाला १०० ग्रॅमपर्यंत दिली गेली, तीही पोळीत मिसळून. चहाचा एक चमचा मेथी म्हणजे चार-पाच ग्रॅम. तेव्हा रात्री चमचाभर मेथी भिजत घालून सकाळी नुसतं पिवळं पाणी पिण्याने काय होणार याचा हिशेब तुम्हीच करा. पाणी प्यायचं तर प्या, पण दाणे चावून खा. कडू वाटत असेल तर मोड आणा. दोन दिवसांत कडूपणा बराच उतरतो, आणि मोडाच्या मेथीची गूळ घातलेली उसळ आपल्याकडे होतेच (गूळ चिमूटभर, रसायनाच्या भाषेत तो साखरेचा सख्खा भाऊ). भाजणीत किंवा धिरड्याच्या पिठात दोन-तीन चमचे मेथीपूड खपून जाते. पहिल्याच दिवशी जास्त घेतलीत तर पोट गुडगुडेल आणि घामालाही मेथीचा वास येईल. गच्च भरलेल्या डब्यात उभं राहायचं असेल तर मात्रा आठवड्याआठवड्याने वाढवा.

गवारीकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. आइस्क्रीम आणि सॉसच्या लेबलवर जो ‘ग्वार गम’ लिहिलेला असतो तो गवारीच्याच बियांतला डिंक, मेथीतल्या तंतूचाच नातेवाईक. ग्लायसेमिक इंडेक्सची (पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो त्याचं माप) कल्पना १९८१ मध्ये मांडणाऱ्या डेव्हिड जेंकिन्स यांनी त्याआधी १९७०च्या दशकात याच डिंकाचे प्रयोग केले होते. भाजीच्या कोवळ्या शेंगेत हा डिंक पिकलेल्या बीइतका नसतो, हे खरं. पण दाण्याचं कूट घातलेली गवारीची भाजी आठवड्यातून दोनदा डब्यात असेल तर नुकसान काहीच नाही.

भेंडीचं पाणी हा मेथीच्या पाण्याचाच चुलत प्रकार. बुळबुळीत भाग पाण्यात उतरतो हे बरोबर, पण भेंडी फेकून पाणी पिण्यात शहाणपण कसलं? भेंडी खा. चिकटपणा घालवण्यासाठी ती तेलात कुरकुरीत तळली की ज्यासाठी आणली तेच गेलं. कोकम घालून केलेली भेंडीची भाजी मऊ राहते, चिकट लागत नाही.

इसबगोल, ओट्स आणि जव याच कुळातले. इसबगोल घेताना मोठा पेलाभर पाणी हवंच, नाहीतर घशात अडकतो. आणि औषधाच्या गोळीपासून दोन तास लांब, कारण तो गोळीही गुंडाळून ठेवतो. ओट्सचा कोलेस्टेरॉलवर परिणाम हवा असेल तर दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन (ओट्समधला चिकट तंतू) पोटात जावं लागतं, म्हणजे साधे ओट्स साधारण ७५ ग्रॅम. मसाला ओट्सच्या एका पाकिटात तेवढे नसतात, मीठ मात्र भरपूर असतं.

तिसरी पायरी: रोज एक उसळ, चुकवायची नाही

सगळा लेख विसरलात आणि एवढंच लक्षात ठेवलंत तरी चालेल, म्हणून इथे जरा रेंगाळते.

अख्ख्या मुगात आणि मटकीत १०० ग्रॅमला १५ ग्रॅम किंवा जास्त तंतू असतात. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात ते ३ ग्रॅमपेक्षाही कमी. पण कडधान्याची करामत नुसत्या चोथ्यात नाही. त्यातला स्टार्च पेशींच्या जाड भिंतीआड बंद असतो, शिजवल्यावरही त्यातला काही भाग लहान आतड्यात पचतच नाही. शिवाय अमायलेज या पाचकरसाला रोखणारी प्रथिनं (शिजवताना ती बरीचशी निकामी होतात), पॉलिफेनॉल आणि फायटेट यांचाही थोडा हातभार लागतो. मधुमेहावर आपल्याकडे सर्रास दिली जाणारी व्होग्लिबोज ही गोळी आतड्यात बरंचसं असंच काम करते, स्टार्चची साखर व्हायला उशीर लावते. तिचा दुष्परिणामही तोच, पोटात वारा धरणं. न पचलेलं जे मोठ्या आतड्यात जातं त्यावर तिथले जिवाणू ताव मारतात आणि वायू होतो. त्याबरोबर ब्युटिरेट, प्रोपिओनेट अशी आम्लंही बनतात, आणि ती आतड्याच्या आणि चयापचयाच्या भल्याची असतात.

१९८२ मध्ये जेंकिन्स यांच्याच गटाने दाखवलं की सकाळी मसुरासारखं कडधान्य खाल्लं तर दुपारच्या जेवणानंतरची साखरही कमी चढते. म्हणजे न्याहारीला मोडाचे मूग खाल्लेत तर दुपारच्या भातावरही त्यांचा थोडा वचक राहतो. पोहे करायचेच तर त्यात मूठभर मटकी किंवा वाटाणे घाला आणि पोहे तेवढेच कमी करा. नुसत्या पोह्यांत लोखंडी कढईचं लोह आहे, लिंबू आहे, सगळं खरं, पण ते शेवटी चपटे केलेले तांदूळच.

मुंबईत कडधान्यांची ददात नाही. वाल, पावटा, चवळी, कुळीथ, काळे वाटाणे, मसूर सगळं कुठल्याही वाण्याकडे असतं. घाई असणाऱ्यांना भाजीवालीकडे मोड आलेली मटकी-मूग तयार मिळतात. पावसाळ्यात मात्र वास घेऊन घ्या, चिकट झालेले मोड नकोत. घरी भिजवताना पहिलं पाणी फेका. भिजवणं आणि मोड आणणं यामुळे फायटेट कमी होतं, लोह आणि जस्त अंगी लागायला मदत होते, वाराही कमी धरतो. राजमा मात्र भिजवून, पाणी बदलून, कुकरला पूर्ण मऊ शिजवायचा. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यातल्या लेक्टिनमुळे उलट्या होतात. नैसर्गिक असणं आणि निरुपद्रवी असणं यांचा संबंध नाही, याचा हा स्वयंपाकघरातलाच पुरावा.

डब्यासाठी माझा आवडता बेत म्हणजे कुळथाचं पिठलं आणि ज्वारीची भाकरी. थंड झाल्यावरही चांगलं लागतं आणि दुपारी साडेतीनला डोळे मिटत नाहीत. मिसळ? उसळ उत्तम, कट प्रमाणात, फरसाण दोन चमचे, आणि पाव एक. दुसरा पाव ठेवून जायचं धैर्य जमवावं लागतं.

चौथी पायरी: भात, भाकरी आणि फ्रिजमधला शिळा भात

भात सोडायला सांगणारा सल्ला मुंबई-कोकणात चार दिवसही टिकत नाही, म्हणून मी तो देत नाही. आधी भाताचा आकार बघा. ताटात भाताचा डोंगर आणि बाजूला वरण असतं, ते उलटं करा, वाटीभर भातावर दोन वाट्या आमटी किंवा उसळ. उकडा तांदूळ मिळत असेल तर तो घ्या. साळ उकडून वाळवल्यामुळे दाण्यातल्या स्टार्चची घडण बदलते आणि तो साधारणपणे पांढऱ्या तांदळापेक्षा सावकाश पचतो.

शिळ्या भाताबद्दल हल्ली खूप बोललं जातं. शिजलेला भात थंड झाला की त्यातल्या स्टार्चच्या साखळ्या पुन्हा घट्ट जुळतात आणि थोडा भाग पचेनासा होतो. पुन्हा गरम केला तरी तो बराचसा तसाच राहतो. फायदा खरा आहे, पण लहान. या भरवशावर फोडणीच्या भाताची दुसरी वाटी घेऊ नका. आणि मुंबईच्या दमट हवेत भात रात्रभर ओट्यावर ठेवण्याचं काम नाही. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. जेवणं झाली की तासाभरात उथळ डब्यात घालून भात फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा.

ज्वारी, बाजरी, नाचणीच्या भाकरीत तंतू आणि पॉलिफेनॉल दोन्ही असतात. ज्वारीत १०० ग्रॅमला साधारण १० ग्रॅम तंतू. नाचणीत कॅल्शियम ३५० मिलिग्रॅमच्या आसपास, धान्यांमध्ये अव्वल. पण हे गुण कोंड्याकडच्या भागात असतात. नाचणी भिजवून, वाटून, गाळून केलेलं सत्त्व बाळाला चांगलं. साखर सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाला ते गाळल्यामुळे कामाचं राहत नाही. ‘नाचणी बिस्किटा’च्या पाकिटामागे घटक वाचा. पहिलं नाव मैद्याचं असेल तर पाकीट परत ठेवा. भाकरी थापता येत नसेल तर लाजू नका, जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून आणा. सोबत ठेचा आणि कांदा असला की झालं.

पाचवी पायरी: कोशिंबीर आधी

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने २०१५ मध्ये अगदी छोटा, ११ रुग्णांचा अभ्यास छापला. तेच जेवण, फक्त भाज्या आणि प्रथिनं आधी व पिष्टमय पदार्थ शेवटी खाल्ले, तर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. आपल्याकडे हे करायला काहीही विकत आणावं लागत नाही. कोशिंबीर, भाजी, उसळ आधी खायची, भात शेवटी. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालायचं. चालताना स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनच्या फारशा मदतीशिवाय उचलतात. ऑफिसमध्ये असाल तर जिने आहेतच.

सहावी पायरी: प्रसिद्ध मंडळींची खरी लायकी ओळखा

हळद. तिच्यात कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के. चौघांच्या आमटीत पाव चमचा हळद घातली तर माणशी पाच-सहा मिलिग्रॅम. अभ्यासांत दिलेली मात्रा बहुधा ५०० ते १५०० मिलिग्रॅम, तीही कॅप्सूलमधून. शिवाय ते रक्तात फारसं उतरत नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ मध्ये दिसलं की मिरीतल्या पायपरीनबरोबर दिल्यास त्याचं रक्तातलं प्रमाण २० पट वाढतं. यावरून कर्क्युमिन अधिक पायपरीनच्या गोळ्यांचा धंदा उभा राहिला. अशा गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आता बऱ्याच आहेत. आमटीतली हळद आमटीतच बरी.

दालचिनी. बाजारात ‘दालचिनी’ म्हणून मिळणारी जाड, कडक, एकाच पदराची साल बहुतेक वेळा कॅसिया असते. खरी सिलोन दालचिनी कागदासारख्या पातळ पदरांची, बोटांनी मोडणारी आणि बरीच महाग. कॅसियात कुमारिन असतं, ते जास्त झालं तर यकृताला त्रास देतं. युरोपने ठरवलेली मर्यादा ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६ मिलिग्रॅम आहे, आणि ती दोनेक ग्रॅम कॅसियातच भरते. रोज सकाळी चमचाभर पूड गरम पाण्यातून घेणारे ही रेषा ओलांडतात. पुलावात घातलेल्या तुकड्याला कुणाची हरकत नाही. रोज घ्यायचीच असेल तर लालबागच्या मसाला गल्लीत विचारून सिलोनची घ्या आणि पाव-अर्ध्या चमच्यावर थांबा. साखरेवर तिचा परिणाम अभ्यासांत कधी दिसतो, कधी नाही.

कारलं आणि करटोली ही भावंडं. कारल्यातल्या चॅरँटिन या घटकाचं नाव सगळीकडे दिसतं, पण माणसांवरच्या चाचण्या एकत्र तपासणारा कॉक्रेन या संस्थेचा २०१२चा आढावा सांगतो की मधुमेहावरचा उपाय म्हणून शिफारस करण्याइतका पुरावा नाही. भाजी म्हणून उत्तम, आणि पावसाळ्यात स्टेशनबाहेर बसणाऱ्या आदिवासी बायकांकडची करटोली तर सोडूच नका. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर वर कारल्याचा पेलाभर रस नको; साखर एकदम खाली जाऊ शकते.

रसाचा विषय निघालाय तर दुधी. कडू लागलेला दुधीचा रस ताबडतोब थुंकायचा, ‘औषध कडूच असतं’ म्हणून गिळायचा नाही. त्यातल्या कुकुर्बिटासिनमुळे रक्ताच्या उलट्या आणि मृत्यूही झालेले आहेत. या प्रकरणांनंतर आयसीएमआरच्या समितीने तोच इशारा दिला होता. कापल्यावर एक तुकडा चाखून बघण्याची आजीची सवय सोडू नये.

जांभूळ जूनमध्ये येतं, पालघरजवळच्या बहाडोलीचं मिळालं तर नशीब. जांभळा रंग अँथोसायनिनचा. फळ वाटीभर खावं, साखर माफक आणि तुरटपणा भरपूर. बियांच्या पुडीबद्दलचे प्रयोग मुख्यतः प्राण्यांवरचे आहेत, त्यामुळे तिच्या भरवशावर गोळी बंद करू नका.

कोकमात हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असतं. त्याच्या अर्काच्या वजन घटवणाऱ्या गोळ्या जगभर विकल्या गेल्या, वजन नाममात्र उतरलं आणि काहींच्या यकृताला फटका बसला. आमसूल आमटीत, कोकम सोलकढीत. बाटलीतलं कोकम सरबत मात्र मुख्यतः साखरेचा पाक आहे. आगळ आणा, पाणी, मीठ, जिरं घाला.

आंबटाचा एक छोटा फायदा आहेच: लिंबू, कैरी, कोकम यांच्यामुळे स्टार्च पचायला थोडा उशीर लागतो, आणि लिंबातलं क जीवनसत्त्व पालेभाजीतलं लोह शोषायला मदत करतं. चहातले टॅनिन नेमकं उलट करतात, म्हणून जेवणानंतर तासभर तरी कटिंग नको. कटिंगमध्ये साखर किती पडते तेही एकदा टपरीवर उभं राहून बघा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घेतलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा. चहाचा एक चमचा साखर म्हणजे ४-५ ग्रॅम. चार कटिंगमध्ये दिवसाचा कोटा जवळपास संपतो.

मासे खाणारे, न खाणारे, आणि उपवासवाले

ट्रायग्लिसराइड वाढले असतील तर बांगडा आणि तारली. ओमेगा-३ यांच्यात भरपूर आणि पापलेटपेक्षा भाव कितीतरी कमी. तिखलं किंवा कालवण करा. रव्यात घोळवून तळलात तर तेलाचा हिशेब वेगळा ठेवावा लागेल. पावसाळी मासेमारीबंदीत ताजे मिळत नाहीत, तेव्हा अंड्यांवर आणि कडधान्यांवर निभावून न्या. शाकाहारी मंडळींसाठी जवसाची चटणी. जवस हलका भाजून कुटलाच पाहिजे, अख्खा दाणा जसा जातो तसा बाहेर पडतो. त्यातलं ओमेगा-३ माशातल्यापेक्षा वेगळं, शरीर त्याचा थोडाच भाग माशातल्या प्रकारात बदलतं. तंतू आणि लिग्नान मात्र वर मिळतात.

साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, उपवासाच्या दिवशी साखर सगळ्यात जास्त चढते ती खिचडीमुळे. राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक असा उपास करता येतो. वरईचा भात साबुदाण्याहून बरा, पण तोही वाटीनेच. गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर निर्जळी उपवासाआधी डॉक्टरांशी बोला, देवाला चालतं.

सातवी पायरी: पूड, काढा, कॅप्सूल घेण्याआधी

वनस्पतींतून औषधं निघतात यात शंका नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या गोळीचं मूळ गॅलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीत सापडतं. तिच्यातलं मूळ द्रव्य माणसासाठी विषारी ठरलं, त्याच्या रचनेच्या जवळचं रसायन प्रयोगशाळेत बनवलं गेलं, आणि १९५७ मध्ये फ्रेंच डॉक्टर जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहाच्या रुग्णांना दिल्याचे निष्कर्ष छापले. म्हणजे ताकदवान घटकाची मात्रा ठरवायला आणि विषारीपणा दूर करायला वर्षं गेली. बरणीतल्या पुडीत ही दोन्ही कामं कुणी केलेली असतीलच असं नाही.

२०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी कोविडकाळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची शंका उपस्थित केली. वाद कुणीही जिंको, ग्राहकाला वेल ओळखता येत नाही हे दोन्ही बाजूंनी मान्य केल्यासारखंच झालं.

आधीपासून औषधं चालू असतील तर काही जोड्या माहीत असाव्यात. दारुहळदीतलं बर्बेरिन अनेक औषधांच्या रक्तातल्या पातळीत ढवळाढवळ करतं. कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोरव्हास्टॅटिनसारखी गोळी घेणाऱ्यांनी पपनसाबद्दल डॉक्टरांना विचारावं, ते ग्रेपफ्रूटच्या कुळातलं आहे. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेणाऱ्यांनी पालेभाज्या बंद करायच्या नाहीत, पण आज जुडीभर आणि उद्या काहीच नाही असंही करायचं नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर रोजचा पालक-बीटचा रस, भरपूर शहाळ्याचं पाणी आणि कमरख ही तिन्ही धोक्याची, कमरख तर कटाक्षाने टाळायचं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेत असाल तर अधूनमधून बी१२ तपासून घ्या.

आठवी पायरी: स्वतःच्या बोटावर ताडून बघा

घरात ग्लुकोमीटर असेल तर त्याचा सगळ्यात चांगला उपयोग तुलना करण्यासाठी होतो. एक दिवस नेहमीसारखा वरणभात खा. जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर बघा. दुसऱ्या दिवशी भाताची तीच वाटी, पण आधी कोशिंबीर आणि मटकीची उसळ. बाकी वेळ, झोप, चालणं शक्यतो सारखं ठेवा. दोन तासांनंतरचा आकडा १४०च्या खाली असावा असं बघतात. एकाच जोडीवर विसंबू नका, यंत्रालाही थोडी चूक माफ असते. तीन-चार जोड्या झाल्या की कल कळतो. शेजारच्यांना भात सोसतो आणि तुम्हाला इडली सोसत नाही, असंही निघू शकतं.

एका वेळी एकच बदल करा: आधी उसळ, दोन आठवड्यांनी भाताची वाटी, मग मेथी. लाल पेशी साधारण तीन-चार महिने जगतात, त्यामुळे एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत पुन्हा काढण्यात पैसे घालवू नका. ट्रायग्लिसराइड त्याआधीच हलतात, कंबर त्याच सुमारास. पुन्हा डॉक्टरांकडे जाताना नवे रिपोर्ट, कंबरेचा आकडा, जोड्यांची वही आणि चालू असलेल्या प्रत्येक पुडीची, काढ्याची, कॅप्सूलची बाटली पिशवीत घालून न्या. औषध किती ठेवायचं, कमी करायचं का, हे ती पिशवी बघूनच ठरवू द्या.